दुकान कोणाचे, वही कोणाची?

संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास जालन्यातल्या कोणत्याही कामगार वस्तीत किराणा दुकानाच्या फळीपाशी अर्धा तास उभे राहा. मग ती वस्ती औद्योगिक वसाहतीला लागून असलेली चंदनझिरा असो की जुन्या जालन्यातली एखादी दाट गल्ली असो. मिलमधून सुटलेला माणूस घरी येतो, बायकोच्या हातावर रोजातले शे-दोनशे ठेवतो आणि पोरगी पिशवी घेऊन पळत येते. दहाचे तेल, पाचची चहापत्ती, पाव किलो साखर, पाचची हळद. उद्या संध्याकाळी पुन्हा तीच पोरगी, तीच पिशवी, तीच यादी. त्याच वेळी शहरातल्या रुंद रस्त्यांवरच्या झगमगीत बाजारात लोक ढकलगाड्या भरून महिन्याचा किराणा नेत असतात, आणि एकावर एक फुकट मिळाले म्हणून खूश असतात.

मॉल आले, किराणा दुकानदार मेला, असा गळा अधूनमधून काढला जातो. व्यापारी संघटना निवेदने देतात, बंद पुकारतात. दुसरीकडे सुशिक्षित ग्राहक म्हणतो, स्वस्त मिळते तिथून घेऊ, त्यात चुकले काय? या भांडणात आमच्या वस्तीचा आवाज कुठेच नसतो. कारण हे भांडण दुकान मालकीचे असणाऱ्यांचे आणि ढकलगाडी भरू शकणाऱ्यांचे आहे. फळीपाशी उभ्या असलेल्या त्या पोरीला यातले काय मिळणार, हे कोणी विचारत नाही. आम्हाला तेच विचारायचे आहे.

दुकान या शब्दाला आमच्या समाजाच्या आठवणीत एक वेगळा वास आहे. पैसे उंबऱ्यावर ठेवायचे, दुकानदार त्यावर पाणी शिंपडून उचलणार, पुडी वरून टाकणार. आमच्या आजी-आजोबांनी हे भोगले आहे. आणि वस्तीने मान वर केली की पहिला हुकूम सुटायचा तो वाण्यालाच, यांना मीठ-मिरची द्यायची नाही. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. समितीच्या अहवालात हे स्पष्ट नोंदले आहे. शेतावरून काढणे, काम बंद करणे, रस्ते अडवणे आणि वाण्याला माल देऊ नको म्हणून बजावणे, ही गावाची हत्यारे होती. काठीपेक्षा ही हत्यारे भारी पडत, कारण काठीचा मार चार दिवसांत उतरतो, पण चूल विझली की माणूस वाकतो.

म्हणूनच संविधानात दुकानाचा उल्लेख आला. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर दुकानही आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा दुकान म्हणजे नेमके काय, असा प्रश्न निघाला. हा शब्द आपण व्यापक अर्थाने वापरला आहे, जो कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो तो त्यात येतो, असा बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय होता. पुढे अॅट्रॉसिटी कायद्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा म्हणून आला. ती दुरुस्ती २०१५ ची असून २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. मधल्या साठ-सत्तर वर्षांत मराठवाड्यातल्या किती गावांत वाण्याने हात आखडता घेतला, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

हा इतिहास पाठीशी असल्यामुळे किराणा दुकानदार वाचवा म्हटले की आमचा माणूस लगेच रडायला लागत नाही, यात नवल नाही. २०१२ मध्ये केंद्र सरकारने किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला मुभा दिली तेव्हा चंद्रभान प्रसाद यांच्यासारख्या दलित विचारवंताने तिचे जाहीर स्वागत केले. जुन्या व्यापारी जातींची मक्तेदारी मोडत असेल तर मोडू द्या, असा तो विचार. संसदेत त्याच डिसेंबरमध्ये बसपने लोकसभेत मतदानाच्या वेळी सभात्याग केला आणि राज्यसभेत सरकारच्या बाजूने मत दिले. खाउजा धोरणाविरुद्ध घसा कोरडा करणाऱ्या आमच्यासारख्यांची त्या वेळी पंचाईत झाली होती, हे प्रांजळपणे कबूल करतो.

त्या विचारात तथ्य नव्हते असे नाही. ढकलगाडी जात विचारत नाही. मालाला स्वतः हात लावता येतो, भाव छापलेला असतो, पावती मिळते. उंबऱ्याबाहेर उभे राहिलेल्यांच्या नातवाला यात सुख वाटले तर त्याला हसू नये. पण परकीय भांडवलाला ती मुभा मुख्यतः दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांसाठी होती. २०११ च्या जनगणनेत जालना शहर तीन लाखांच्याही आत होते. म्हणजे ज्या वॉलमार्टची भीती किंवा आशा दाखवली गेली, त्याचा आमच्याशी संबंधच नव्हता. देशी भांडवलाला मात्र अशी कोणतीही अट नव्हती आणि नाही. ते आपल्या हिशेबाने जागा निवडते. गाड्या लावायला मोकळे मैदान हवे, समोर रुंद रस्ता हवा, आसपास पगारदार घरे हवीत. आमची वस्ती त्या नकाशात बसत नाही. तिथे जायचे तर रिक्षाचे जाऊन-येऊन पैसे मोजा आणि एकदम हजार-दोन हजारांचा माल घ्या, तरच परवडते. रोज संध्याकाळी हातात शंभर-दोनशे येणाऱ्या बाईने हे कसे करायचे?

तेव्हा ती फळीपाशीच येते आणि जास्त भाव देते. हिशेब सोपा करून सांगतो. समजा, बाजारात तेल दीडशे रुपये लिटर आहे. वस्तीत दहा रुपयांच्या पिशवीत पन्नास मिलिलिटर भरले, तर लिटरला दोनशे झाले. महिन्याला तीन लिटर तेल लागणाऱ्या घराने साठ पिशव्या घेतल्या आणि सहाशे रुपये मोजले. तेवढेच तेल ढकलगाडीवाल्याला साडेचारशेत पडले. दीडशे रुपयांचा फरक, म्हणजे आख्खे एक लिटर तेल. हे फक्त तेलाचे. चहा, डाळ, साखर, साबण, मसाला असे प्रत्येक पुडीमागे चालू असते. सुटे खाद्यतेल विकण्यास कायद्याने बंदी आहे, पण ज्याच्या खिशात दहाच रुपये आहेत त्याला कायदा कोणती बाटली देणार आहे? गरीब जास्त पैसे मोजतो, हे आमचेच दुखणे नाही. डेव्हिड कॅप्लोविट्झ यांनी न्यूयॉर्कच्या गरीब वसाहतींतील कुटुंबे खरेदी कशी करतात याचा अभ्यास करून १९६३ साली पुस्तक काढले, त्याचे नावच मुळी तसे आहे.

मग फळीमागचा दुकानदार लुटारू आहे काय? तोही सरसकट नाही. तो मोंढ्यातून एक पोते, दोन डबे असा माल आणतो, त्यामुळे त्यालाच चढा भाव पडतो. त्याची अर्धी रक्कम वहीत अडकलेली असते. आणि ही वही मोठी गुंतागुंतीची गोष्ट आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, मिल बंद, हाजरी बंद, तेव्हा किती चुली या वहीवर पेटल्या! कोणत्या मॉलने त्या वेळी आमच्या बाईला म्हटले, घेऊन जा, पुढे बघू? पण त्याच वहीत नाव असलेली बाई भाव विचारू शकत नाही, वजन पुन्हा करा म्हणू शकत नाही, दुसऱ्या दुकानी जाऊ शकत नाही. गेली तर मागची बाकी चारचौघांत काढली जाते. उधारी तारते, आणि उधारीच बांधून ठेवते. निवडणुकीच्या हंगामात वही कोणाच्या हातात आहे यावरून वस्तीची मते फिरतात, हेही आम्ही पाहिले आहे.

आमच्या समाजातल्या लोकांनी दुकाने काढून पाहिली नाहीत असे नाही. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. त्यातून टपऱ्या आल्या, पिठाच्या गिरण्या आल्या, किराणाही आला, आणि बहुतेक बुडाला. समाजाला धंदा जमत नाही, असे शेरे मारणाऱ्यांनी जरा मोंढ्यात जाऊन यावे. तिथे हमालीत आमची माणसे भरपूर सापडतील, गादीवर किती बसलेली दिसतात? ज्याचा मामा-मेहुणा अडत्या आहे त्याला पंधरा-वीस दिवसांच्या मुदतीवर माल मिळतो, आमच्याला रोख मोजावे लागते. तिथेच स्पर्धा संपते. शासनाच्या योजनांचे तर काय सांगावे! स्टँडअप इंडिया २०१६ साली गाजावाजा करून आली, प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकाला कर्ज द्यायचे. कर्जाची खालची मर्यादा दहा लाख! वस्तीतल्या दुकानाला लागतात पन्नास हजार आणि मोंढ्यात पत. पन्नास हजारांसाठी मुद्राची शिशु योजना आहे म्हणतात, पण पत कोणत्या खिडकीवर मिळते? याच जालन्यात ऑगस्ट २०२२ मध्ये आयकर खात्याच्या छाप्यांत पन्नास कोटींहून जास्त रोकड सापडली आणि ती मोजायला तासन्‌तास लागले. या शहरात पैसा नाही असे कोणी म्हणू नये.

आता थोडे आपल्या माणसांबद्दल. आरक्षणाने नोकरी लागली, पगार बँकेत येऊ लागला, आणि आम्ही वस्ती सोडून प्लॉटिंगमध्ये बंगला बांधला. आनंदाची गोष्ट आहे. पण महिन्याच्या सात तारखेला आमच्यातल्या शिक्षक, लिपिक, बँकवाल्यांच्या गाड्या कुठे उभ्या असतात? मागे एका एप्रिलमध्ये आम्ही जयंतीची वर्गणी मागायला वस्तीतल्या एका विधवा बाईच्या दुकानात गेलो. तिने गल्ल्यातून एकशे एक रुपये काढून दिले आणि पावती घेताना म्हणाली, "भाऊ, पावती फाडायला आमच्याकडं येता, अन् महिन्याची यादी कुठं टाकता?" आमच्या सोबतचे कार्यकर्ते हसले. आम्हाला हसू आले नाही. पुढच्या वर्षी गेलो तर दुकानाला कुलूप होते.

दलित पँथरने १९७२ साली अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या चाळीस वर्षे आधीची एक गोष्ट मात्र आपण घेतली नाही. १९३० च्या दशकात शिकागो, हार्लेमच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत लोकांनी मोहीम चालवली होती. जे दुकान आपल्या वस्तीत धंदा करते पण आपल्या माणसाला कामावर ठेवत नाही, तिथे खरेदी करायची नाही. दुकानांपुढे फलक घेऊन माणसे उभी राहिली आणि काही ठिकाणी काउंटरमागे कृष्णवर्णीय मुली दिसू लागल्या. जालन्यातल्या मोठ्या बाजारांत पोती उचलायला आणि फरशी पुसायला आमची मुले-मुली दिसतात. बिलाच्या यंत्रापाशी आणि मॅनेजरच्या खुर्चीत कोण बसते, हे मोजायला फार शहाणपण लागत नाही. एका रविवारी चार कार्यकर्त्यांनी ते मोजावे.

सहकाराचे नाव काढले की साखर कारखाने डोळ्यांपुढे येतात आणि माणूस दचकतो. रास्तच आहे. पण सहकार म्हणजे काही फक्त कारखानदारांची जहागीर नव्हे. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या अठ्ठावीस कामगारांनी १८४४ साली पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या एवढ्यावर दुकान उघडले होते. मुंबईच्या नायगावात १९४८ साली गिरणी कामगारांनी अपना बाजार सुरू केला. दोन्हीकडे माणसे आमच्यासारखीच हातावर पोट असलेली होती. फरक एवढाच की त्यांनी मोंढ्यातून एकत्र माल उचलला आणि वही स्वतःच्या ताब्यात ठेवली.

आणि शासनाचे एक दुकान वस्तीत आधीपासून आहेच, ते म्हणजे स्वस्त धान्य दुकान. अन्न सुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो, अंत्योदयला पस्तीस किलो धान्य. जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळते. कधी पॉस मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून दोन हेलपाटे, ते वेगळे. पण गहू-तांदूळ फुकट मिळाले तरी डाळ, तेल, तिखट, मीठ, साबण यांना त्याच फळीपाशी जावे लागते. २०२२ च्या दिवाळीत आनंदाचा शिधा म्हणून शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ, तेल दिले गेले. म्हणजे द्यायचे ठरवले तर देता येते. केरळमध्ये १९७४ पासून शासनाचे नागरी पुरवठा महामंडळ आहे, त्याची मावेली दुकाने तेरा जिन्नस बाजाराहून कमी भावात विकतात. तिथे सणापुरती भाकरी दाखवत नाहीत. तेरा नकोत, तूरडाळ, तेल, साखर, चहा, मीठ हे पाच जिन्नस तरी स्वस्त धान्य दुकानातून बारा महिने मिळावेत, ही मागणी आमच्या कोणत्या पुढाऱ्याने कधी कोणत्या मोर्चात केली? दुकानांचे परवाने देताना महिला बचत गटांना प्राधान्य आहे. वस्तीतल्या कोणत्या दुकानाचा परवाना रिकामा आहे, रद्द झाला आहे, कोण दुसऱ्याच्या नावावर चालवते, ही माहिती तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करून मागता येते. जालन्याची आता महानगरपालिका झाली आहे. तिच्या व्यापारी गाळ्यांच्या लिलावात बचत गटांना किती गाळे, हा दुसरा अर्ज.

तोपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. वस्तीतल्या चार बचत गटांनी मिळून महिन्याला तूरडाळीची चार पोती आणि तेलाचे वीस डबे रोखीने उचलले, तर त्या बायांना मोंढ्यात आजच्यापेक्षा वेगळा भाव ऐकू येईल. डाळ, तेल, साखर घरटी मोजून वाटायची, वही गटाच्या बाईने ठेवायची, बाकी महिनाअखेर गटाच्या बैठकीत वाचायची. पहिल्या महिन्याच्या खरेदीला रक्कम लागेल. ती प्लॉटिंगमध्ये राहणाऱ्या पगारदारांनी वर्गणी म्हणून देऊ नये, आपल्या घरच्या किराण्याचे आगाऊ पैसे म्हणून सात तारखेला जमा करावी आणि सोबत यादी द्यावी. आमची यादी आम्ही लिहून ठेवली आहे. तिच्यात तूरडाळ पाच किलो आणि तेल चार लिटर आहे.