मोत्या मायाळू खरा, पण बाळाजवळ माणूस हवा



कपाशीची वेचणी लागली की शिरपूरच्या शिवारात ठिकठिकाणी निंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी टांगलेली दिसते. झोळीत तान्हे बाळ, आणि खाली सावलीत पाय पसरून बसलेला घरचा मोत्या नाहीतर वाघ्या. आई आपली पात धरून वेचत वेचत पार पुढे गेलेली असते. कुणी हटकलेच तर बांधावरची आजी म्हणते, "मोत्या शे ना तठे!"

मोत्याची माया खोटी नाही. परका माणूस आला, साप निघाला, तर तो जीव तोडून भुंकेल. पण तान्हे बाळ म्हणजे काय, हे त्याला कळत नाही. त्याच्या लेखी ते दुधातेलाचा वास येणारे, एकाएकी किंचाळणारे, हातपाय झाडणारे काहीतरी नवीन असते. कुतूहलाने तो झोळीवर पाय ठेवील, लाडाने बाळाच्या अंगावर उडी घेईल. त्याच्या मनात वाईट नसले तरी इजा व्हायची ती होतेच. म्हणून आजचे सांगणे एवढेच, की कुत्रा घरात खुशाल असू द्या, पण बाळ आणि कुत्रा यांना एकटे सोडू नका. हात पोचेल इतक्या अंतरावर जाणते माणूस हवे. आठ-दहा वर्षांची ताई म्हणजे जाणते माणूस नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

सासरी बाळ येते तेव्हा

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. सून जाते एकटी आणि काही महिन्यांनी बाळ घेऊन परतते. घरच्या कुत्र्याला याची काही कल्पना नसते. दारात गर्दी, भाकरतुकडा ओवाळून टाकायची गडबड, आणि इतक्या दिवसांनी वहिनी दिसली म्हणून त्याला झालेला आनंद! अशा वेळी तो थेट तिच्या अंगावर झेपावतो, आणि तिच्या हातात तर बाळ असते.

म्हणून थोडी तयारी आधीच करावी. बाळाचे वापरलेले दुपटे चार दिवस आधी माहेराहून मागवून कुत्र्याला हुंगू द्यावे. बाळ ज्या खोलीत निजणार तिथे जाण्याची त्याची सवय महिनाभर आधीच मोडावी. त्या दिवशी त्याला अगोदर पोटभर खाऊ घालावे. सून रिकाम्या हाताने आधी त्याला भेटेल, बाळ तोवर दुसऱ्याच्या कडेवर असेल. त्याची उडी-नाच संपली की दोरी धरून, लांबूनच बाळाचे पाय दाखवावेत. जवळ यायला नको म्हणाला तर ओढू नये. आणि बाळ आले म्हणून त्याला दिवसभर खुंट्याला बांधून विसरू नये. अशाने कुत्रा चिडका होतो. सकाळ-संध्याकाळ घरधन्याने त्याला मळ्यात फिरवून आणले, तर घरात तो शांत बसतो.

बाळ रांगू लागले की

खरी कसोटी सातव्या-आठव्या महिन्यानंतर लागते. आता बाळच कुत्र्याकडे जाते. शेपूट ओढते, कानात बोट घालते, त्याच्या भाकरीत हात घालते. जेवणारा, झोपलेला, दुखणाईत, म्हातारा कुत्रा आणि पिलांजवळची व्यालेली कुत्री यांच्याजवळ रांगते मूल जाता कामा नये. कुत्र्याचे खाणे आणि निजणे मूल पोचणार नाही अशा जागी ठेवा. दाराला आडवी फळी किंवा अर्धे दार लावले की निम्मे काम झाले. बाळाचे शी-शूचे कपडे झाकणाच्या बादलीत टाका. त्या वासाने कुत्रा ओढला जातो.

भुंकणारे कुत्रे चावत नाही, ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. पण गप्प झालेल्या कुत्र्याकडे अधिक लक्ष हवे. चावण्याआधी बहुतेक कुत्री काही ना काही सांगतात. तोंड फिरवणे, पुन्हा पुन्हा ओठ चाटणे, भूक-झोप नसता जांभई देणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसणे, अंग ताठ होऊन जागीच थिजणे, आणि मग गुरगुरणे. शेपूट हलते म्हणजे तो खूषच आहे, असे नाही. बाळावर गुरगुरला म्हणून त्याला काठीने मारू नका. मार खाऊन तो गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी न सांगता चावतो. मुकाट्याने बाळ उचला आणि त्याला जागा द्या.

चाटणे आणि माती

घरचे कुत्रे बाळाला चाटते, त्याचे कौतुक करू नका. अखंड कातडीवरच्या चाटण्याने पिसाळरोग, म्हणजे रेबीज, होत नाही. पण ओठ, डोळे, तोंड किंवा खरचटलेली जागा पिसाळलेल्या कुत्र्याने चाटली तर तो धोका चाव्याइतकाच. आपली कुत्री रात्री शेतात मोकळी असतात, भटक्या कुत्र्यांशी आणि सातपुड्याकडच्या कोल्ह्यांशी त्यांची गाठ पडते. 'घरचाच आहे' हा भरवसा लस टोचल्याशिवाय खरा नाही.

पिलाला तीन महिन्यांचे झाल्यावर लस, महिनाभराने दुसरी, मग दरवर्षी एक. जंताचे औषध पिलांना तीन महिने होईपर्यंत दर पंधरवड्याला, मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत जातात, आणि रांगते मूल माती खातेच. विष्ठा रोज उचलून पुरावी. कापलेल्या बकऱ्याची कच्ची आतडी-काळीज कुत्र्याला घालू नये.

लसीने काय साधते ते गोव्यात पाहावे. तिथे वर्षानुवर्षे गावोगावी कुत्र्यांना लस टोचली, आणि २०१८ ते २०२० या तीन वर्षांत या रोगाने एकही माणूस दगावला नाही.

दात लागलाच तर

लहान मुलाला चावा बहुधा तोंडावर, डोक्यावर बसतो, कारण त्याचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असते. तिथून मेंदू जवळ, म्हणून एक तासही दवडू नये. रोगाची लक्षणे एकदा दिसली की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. पण त्याआधी उपाय केला तर जीव खात्रीने वाचू शकतो.

पहिले काम, वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुणे. बाळ रडले तरी थांबू नये. चुना, मिरची, हळद, तंबाखू, तेल काही लावू नये, घट्ट बांधू नये. भगताकडे किंवा झाडपाल्यात वेळ घालवू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा शिरपूरचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. रक्त निघाले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. त्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. ते तालुक्याला मिळाले नाही, तर धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात तसेच पुढे जा.

पोटातल्या चौदा सुयांची भीती काढून टाका. ती जुनी लस २००५ पासून देशात वापरात नाही. आता लस दंडात, अगदी लहान बाळाला मांडीत देतात. पहिला दिवस शून्य धरून ३, ७ आणि २८ व्या दिवशी पुढच्या सुया. दुसऱ्या पद्धतीत १४ व्या दिवशी आणखी एक असते. तान्ह्या बाळाला आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ही लस चालते. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, पण ते दहा दिवस संपण्याची वाट पाहत लस लांबवू नका. आणि मुलांना सांगून ठेवा, की कुत्र्याचा ओरखडा लागला तरी घरी सांगायचे, कुणी रागावणार नाही. माराच्या भीतीने लपवलेला ओरखडाच जिवावर बेततो.

हे वाचून मोत्याला घराबाहेर काढू नका. फिनलंड देशात ३९७ बाळांवर पहिले वर्षभर लक्ष ठेवून डॉक्टरांनी २०१२ मध्ये लिहिले, की कुत्र्याच्या घरात वाढणाऱ्या बाळांना सर्दी-खोकला आणि कान फुटणे कमी आढळले. कुत्रा घराला हवाच. शेतावर बाळ न्याल तेव्हा घरातले एक म्हातारे माणूस झोळीजवळ बसवा. दोन-तीन घरच्या बायकांनी मिळून एकीला आळीपाळीने बाळांजवळ ठेवले, तर कुणाचीच मजुरी फारशी बुडत नाही. आणि येत्या बाजारच्या दिवशी शिरपूरला जाल, तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीचे विचारून या. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, बाळाच्या डोसांच्या शेजारीच.