डाव्या पायाचं गणित

पगार जरा बरा झाला की आपल्यात दोन गट पडतात. समंजस मंडळी नवीकोरी फॅमिली कार बुक करतात. उरलेले आपण! रात्री दोनपर्यंत सेकंडहँड गाड्यांच्या जाहिराती चाळत बसतो. खरीखुरी स्पोर्ट्‌स कार खिशाबाहेरची, म्हणून आपली धाव बहुतेकदा टर्बो पोलोपाशी थांबते. आपल्या चाकणमध्ये बनलेली, २०२२ साली बंद झालेली, पण चाहते अजून टिकवून असलेली फोक्सवॅगन पोलो.

मग प्रश्न येतोच. मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

कट्ट्यावर उत्तर तयार असतं. ‘ऑटोमॅटिक? त्यापेक्षा स्कूटर घे ना!’ बॉस, हा डायलॉग आता जुना झाला. २०१३ साली आलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचं, १०५ पीएसचं टर्बो इंजिन होतं आणि सोबत सात गिअरचा डीएसजी. मॅन्युअल हवा म्हटलं तरी मिळत नव्हता. डीएसजीत क्लच दोन. एकाकडे १, ३, ५, ७ आणि दुसऱ्याकडे २, ४, ६. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच तयार असतो. आपला हात कितीही चपळ असो, या शर्यतीत तो हरणारच.

म्हणजे मुद्दा वेगाचा नाहीच. मुद्दा आहे झिजेचा. आधीच्या मालकाने गाडी कशी चालवली, हे कोणता गिअरबॉक्स खरं सांगतो?

मॅन्युअल सांगतो. चाळीसच्या स्पीडला चौथा गिअर टाका आणि ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम वर पळाला आणि गाडी मात्र जागच्या जागी रेंगाळली, तर क्लच स्लिप होतोय. बिल हजारांत. भाव पाडून घ्या आणि विषय संपवा.

डीएसजी इतका बोलका नाही. या सात गिअरवाल्याचे क्लच ‘ड्राय’, म्हणजे त्यांची उष्णता वाहून न्यायला भोवती तेल नाही. इंच इंच सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये ते घासत राहतात, तापतात. त्यातच मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदू, बिघडला तर बिल थेट लाखाच्या भाषेत बोलतं. पाच वर्षांचं कर्ज डोक्यावर असताना हे परवडणार आहे का, ते आधीच ठरवा. सर्व्हिस रेकॉर्ड आणि वॉरंटी नसेल तर मी अशा गाडीला लांबूनच नमस्कार करतो.

सुदैवाने तिसरा रस्ता आहे. २०२० मध्ये पोलोला १ लिटरचं, ११० पीएसचं टीएसआय इंजिन मिळालं. त्यासोबत सहा गिअरचा मॅन्युअल, किंवा सहा गिअरचाच टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. टॉर्क कन्व्हर्टर इंजिनची ताकद तेलातून पुढे पोचवतो. त्यामुळे गाडी सरकत राहिली तरी क्लच घासत नाही. डीएसजीइतका तल्लख नाही, पण सोशिक आहे.

आमच्या टीममधली एकजण मध्यंतरी हाच प्रश्न घेऊन आली. घर कोथरूडला, ऑफिस हिंजवडीत. ‘सर, पण मजा मॅन्युअलमध्येच ना?’ मी म्हटलं, ‘आहेच. ताम्हिणीच्या वळणावर दुसरा गिअर स्वतः टाकण्यासारखं सुख नाही. पण तू ताम्हिणीला महिन्यातून कितीदा जाणार?’

‘एकदा. फार तर दोनदा.’

‘आणि वाकडच्या पुलाखाली?’

ती हसली. मी स्वतः पक्का मॅन्युअलवाला, तरी तिला टॉर्क कन्व्हर्टर बघ म्हणून सांगितलं. रोज दोन तास डाव्या पायाला शिक्षा झाली, तर शनिवारी घाटात जायची हौसच उरत नाही. मग गाडी पार्किंगमध्ये आणि आपण सोफ्यावर! गाडी फक्त वीकेंडला निघणार असेल, तर मात्र डोळे झाकून मॅन्युअल घ्या.

आणि हो, टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका. विकणाऱ्याला तीच वेळ सोयीची असते. तुम्ही मागा सोमवार, संध्याकाळचे साडेसहा. अर्धा तास ट्रॅफिकमध्ये तापल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरली, तर चावी परत द्या आणि शांतपणे रिक्षा पकडा.