विश्लेषण : ‘विंडोज १०’चा सपोर्ट संपला, संगणक बदलायचा, की वर्षभर थांबायचे?

मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टीमचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. जुलै २०१५ मध्ये आलेली ही प्रणाली दहा वर्षे घरोघरी, शाळांत, दुकानांत आणि सरकारी कार्यालयांत वापरली गेली. सपोर्ट संपल्यावरही हे संगणक पूर्वीसारखेच सुरू होतात, म्हणून अनेकांना काही बदलल्याचे जाणवलेले नाही. दुसरीकडे, ‘विंडोज ११ घ्या’ अशी सूचना पडद्यावर वारंवार झळकते आणि दुकानदार नवा लॅपटॉप घेण्याचा सल्ला देतात. नवी प्रणाली घ्यावी का, जुनीच वापरत राहिल्यास काय होते आणि मधला मार्ग आहे का, याचा हा आढावा.

सपोर्ट संपला म्हणजे नेमके काय झाले?

प्रत्येक मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी असतात आणि त्या वर्षानुवर्षे सापडत राहतात. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्यावरील दुरुस्त्या पाठवते. ‘विंडोज १०’च्या सामान्य वापरकर्त्यांसाठी हा पुरवठा आता थांबला आहे. प्रणाली चालते, फायली उघडतात, इंटरनेट सुरू राहते. मात्र यापुढे सापडणारी भोके बुजवली जाणार नाहीत. ‘ऑफिस २०१६’ आणि ‘ऑफिस २०१९’ यांचा सपोर्टही त्याच दिवशी संपला.

काही गोष्टी मात्र सुरू राहतील. ‘विंडोज १०’मधील डिफेंडर या अँटिव्हायरसला नव्या व्हायरसची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील. ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ घेणाऱ्यांना त्यातील वर्ड, एक्सेलच्या सुरक्षा दुरुस्त्याही ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. पण अँटिव्हायरस हा दारावरचा रखवालदार आहे. भिंतीलाच भगदाड असेल तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो.

धोका खरा आहे, की भीती घातली जाते?

१४ ऑक्टोबरनंतर लगेच सगळे संगणक हॅक होतील, असे मानण्याचे कारण नाही. धोका हळूहळू वाढत जातो. ‘विंडोज १०’ आणि ‘विंडोज ११’ यांतील बराचसा कोड सारखाच आहे. त्यामुळे ‘११’मध्ये एखादी त्रुटी दुरुस्त झाली की हल्लेखोर त्या दुरुस्तीचा अभ्यास करून तीच त्रुटी ‘१०’मध्ये शोधू शकतात. नव्या प्रणालीची प्रत्येक दुरुस्ती जुन्या प्रणालीचे एखादे उघडे दार दाखवून देते.

मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्याने हे जगाला दाखवले. या खंडणीखोर व्हायरसने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक ठप्प केले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या त्रुटीचा वापर झाला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. मात्र २०१४ मध्ये सपोर्ट संपलेल्या ‘विंडोज एक्सपी’ला ती तेव्हा मिळाली नव्हती, हल्ला झाल्यावर कंपनीला अपवाद करून ती द्यावी लागली. यात आणखी एक धडा आहे. बाधित संगणकांपैकी बहुतांश ‘विंडोज ७’चे होते. त्यांना सपोर्ट होता, दुरुस्तीही उपलब्ध होती. ती बसवलेली नव्हती. म्हणजे नवी प्रणाली घेऊनही अपडेट बंद ठेवले तर धोका तसाच राहतो.

त्याच्या पुढच्याच महिन्यात, जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली. तिच्याशी संबंधित न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातील टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. रिझर्व्ह बँकेनेही जून २०१८ मध्ये बँकांना सपोर्ट संपलेल्या प्रणालीवर चालणारी एटीएम टप्प्याटप्प्याने, जून २०१९ पर्यंत बदलण्यास सांगितले होते.

चांगला चालणारा संगणक ‘विंडोज ११’साठी अपात्र का?

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली ‘विंडोज ११’ मूळ ‘विंडोज १०’ असलेल्यांना मोफत मिळते. अडचण पैशांची नसून हार्डवेअरची आहे. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण या अटी बहुतेक संगणक पूर्ण करतात. खरी गाळणी दोन अटींमुळे लागते. पहिली, ‘टीपीएम २.०’. ही पासवर्ड आणि कूटबद्धीकरणाच्या किल्ल्या सुरक्षित ठेवणारी, मदरबोर्डवरील किंवा प्रोसेसरमध्येच असलेली व्यवस्था आहे. दुसरी, प्रोसेसरचे वय. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडी रायझनची २००० मालिका आणि त्यापुढील प्रोसेसरच पात्र ठरतात. याचा अर्थ, साधारण २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक बाद होतात.

मायक्रोसॉफ्टचे म्हणणे असे, की सुरक्षेची मुळे हार्डवेअरमध्ये असल्याशिवाय आजचे हल्ले रोखता येणार नाहीत. या म्हणण्यात तथ्य आहे. टीकाकारांचा आक्षेप वेगळा आहे. जो संगणक आजही पत्रव्यवहार, हिशेब आणि मुलांचा अभ्यास व्यवस्थित पेलतो, तो केवळ या यादीत नाही म्हणून असुरक्षित ठरतो आणि त्याचा खर्च ग्राहकावर पडतो. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका कर्मचाऱ्याने जाहीर व्यासपीठावर ‘१०’चा उल्लेख विंडोजची शेवटची आवृत्ती असा केला होता, याची आठवणही या वादात करून दिली जाते.

आपला संगणक पात्र आहे का, हे कसे कळेल?

मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप कोणती अट अडते आहे ते सांगते. मात्र ‘अपात्र’ असा निकाल आला तरी लगेच नवा संगणक घेऊ नये. अनेक संगणकांत टीपीएम असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. इंटेलच्या मदरबोर्डवर ते ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या मदरबोर्डवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. ते सुरू केल्यावर काही संगणक पात्र ठरतात. अडथळा प्रोसेसरचा असेल तर मात्र इलाज नाही.

अटींना वळसा घालून ‘विंडोज ११’ बसवून देणारेही आहेत. तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे. पण अशा संगणकाला अपडेट मिळतीलच याची हमी नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले आहे. ज्या सुरक्षा दुरुस्त्यांसाठी हा खटाटोप करायचा, त्यांचीच खात्री नसेल तर महत्त्वाच्या कामाच्या संगणकावर हा मार्ग टाळलेला बरा.

वर्षभराची मुदतवाढ काय आहे?

‘विंडोज १०’च्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवता येतात. या योजनेला ‘विस्तारित सुरक्षा अपडेट’ किंवा ‘ईएसयू’ म्हणतात. त्यासाठी तीन मार्ग आहेत. संगणकाची सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवली तर ती मोफत मिळते. कंपनीच्या बक्षीस योजनेतील १,००० गुण देऊनही मिळते. किंवा ३० डॉलर अथवा तेवढ्या किमतीचे स्थानिक चलन एकदाच भरता येते. तिन्ही मार्गांना मायक्रोसॉफ्ट खाते लागते. एका खात्यावर दहा संगणकांपर्यंत ही सोय घेता येते. संगणकावर ‘विंडोज १०’ची ‘२२एच२’ ही अखेरची आवृत्ती असणे आवश्यक आहे. नोंदणीचा पर्याय सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’मध्ये दिसतो आणि मुदत संपेपर्यंत कधीही नोंदणी करता येते.

कंपन्यांसाठीचे दर वेगळे आहेत. त्यांना पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर मोजावे लागतात, ही रक्कम दरवर्षी दुप्पट होते आणि मुदतवाढ जास्तीत जास्त तीन वर्षे मिळते. शिक्षण संस्थांना पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार डॉलर असा नाममात्र दर आहे. संगणक कक्षात पन्नास जुनी यंत्रे असलेल्या शाळेसाठी ही सवलत महत्त्वाची आहे.

युरोपला वेगळा न्याय का?

युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहक संघटनांनी या अटींना आक्षेप घेतला. सुरक्षा दुरुस्तीच्या बदल्यात आपली सेटिंग्ज कंपनीच्या क्लाऊडवर ठेवण्याची सक्ती का, असा त्यांचा प्रश्न होता. सप्टेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तेथे ही अट मागे घेतली. खात्यात लॉगिन केले की मुदतवाढ मोफत. भारतासह इतरत्र अटी कायम राहिल्या. सवलत देणे कंपनीला अशक्य नव्हते. ग्राहकांचा दबाव आणि कडक कायदे जेथे होते तेथे ती दिली गेली, असा याचा अर्थ निघतो.

दुसरा प्रश्न ई-कचऱ्याचा. ‘विंडोज १०’चा सपोर्ट संपल्यामुळे जगभरात सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या बाजार संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये वर्तवला होता. भारतात एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. प्रणालीचा सपोर्ट संपल्यामुळे निकामी ठरणाऱ्या यंत्रांची जबाबदारी सॉफ्टवेअर कंपनीवर मात्र येत नाही.

छपाई, डीटीपी आणि करसल्लागारांनी काय पाहावे?

महाराष्ट्रातील अनेक डीटीपी केंद्रांत आजही पेजमेकर आणि युनिकोडपूर्व मराठी फॉन्टवर काम चालते. लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंतचा वर्षांचा मजकूर त्याच स्वरूपात साठलेला असतो. ‘विंडोज ११’ची ३२ बिट आवृत्तीच नाही. ३२ बिट प्रोग्राम तिच्यावर सहसा चालतात, पण त्याहून जुने १६ बिट प्रोग्राम चालत नाहीत आणि जुन्या ३२ बिट ड्रायव्हरवर अवलंबून असलेले प्रिंटर, स्कॅनर किंवा सॉफ्टवेअरचे डोंगल अडतात. ज्यांच्याकडे आज ३२ बिट ‘विंडोज १०’ आहे त्यांना थेट अपग्रेडही करता येत नाही, प्रणाली नव्याने टाकावी लागते. ई-निविदा आणि विवरणपत्रांसाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरणाऱ्यांनीही त्याचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का, हे आधी पाहावे. विवरणपत्र भरण्याच्या अखेरच्या आठवड्यात प्रणाली बदलणे म्हणजे संकट ओढवून घेणे.

अशा ठिकाणी एक व्यवहार्य तोडगा आहे. जुने सॉफ्टवेअर असलेला संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ त्याच कामासाठी ठेवावा आणि ईमेल, बँक, पोर्टल यांसाठी सपोर्ट असलेला दुसरा संगणक वापरावा. दोघांमध्ये पेनड्राइव्ह फिरवताना तो तपासून घेण्याची काळजी मात्र हवी.

लिनक्सचा पर्याय कितपत उपयोगी?

लिनक्स मिंट, उबुंटू, झोरिन यांसारख्या मोफत प्रणाली दहा-बारा वर्षे जुन्या संगणकांवरही चालतात आणि त्यांना नियमित सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. केरळमधील सरकारी शाळांनी अनेक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले आहे. ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ आणि साधे लेखन एवढीच गरज असेल तर हा पर्याय पुरेसा आहे. युनिकोड मराठीही त्यात नीट लिहिता येते. मात्र टॅली, फोटोशॉप किंवा विंडोजसाठीच बनवलेले सॉफ्टवेअर ज्यांच्या रोजीरोटीचा भाग आहे, त्यांच्यासाठी तो मार्ग खडतर आहे. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, काहीही न पुसता आधी आजमावता येते.

मग निर्णय कसा घ्यावा?

संगणक पात्र असेल तर ‘विंडोज ११’ घेण्यास फार थांबण्याचे कारण नाही. त्यापूर्वी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. अपग्रेडनंतर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधून जुन्या प्रणालीवर परतता येते. तेव्हा प्रिंटर, टोकन, हिशेबाचे सॉफ्टवेअर या दहा दिवसांतच तपासून घ्यावे. ‘विंडोज ११’ नव्याने टाकल्यास अनेकदा डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि तिची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. दुकानदाराने स्वतःच्या किंवा तात्पुरत्या खात्यावर प्रणाली बसवून दिली, तर पुढे ही की मिळणार नाही आणि डेटा कायमचा अडकू शकतो. खाते स्वतःचेच असावे आणि की कागदावर लिहून ठेवावी.

संगणक अपात्र पण चांगला चालणारा असेल, तर ‘ईएसयू’ची नोंदणी आजच करून निर्णयासाठी वर्षभराचा अवधी मिळवणे शहाणपणाचे ठरते. त्या काळात नव्या संगणकासाठी पैसे बाजूला टाकता येतील किंवा लिनक्स शिकता येईल. ज्यावर बँकेचे व्यवहार, रुग्णांच्या नोंदी किंवा ग्राहकांचे आधार-पॅन असतात, तो संगणक यादीत सर्वात आधी बदलावा. ज्यावर फक्त गाणी आणि जुने फोटो आहेत, तो इंटरनेटशिवाय आणखी काही वर्षे सुखाने चालू शकतो. यांपैकी काहीच न करता, नोंदणीही न करता जुन्या प्रणालीवरून पैशांचे व्यवहार सुरू ठेवणे, हा मात्र सर्वात महाग पडू शकणारा पर्याय आहे.