त्या आकड्याच्या भरवशावर घाट चढू नका

शुक्रवारी रात्री ग्रुपवर प्लॅन ठरतो. शनिवारी पहाटे कुणीतरी बाबांची गाडी काढतं, पाचजण दाटीवाटीने बसतात आणि मग कुणाला तरी आठवतं, ‘पेट्रोल आहे ना रे?’ चालवणारा समोरच्या स्क्रीनकडे बघतो आणि सांगून टाकतो, ‘आहे की! ७२ किलोमीटर दाखवतंय.’ विषय संपला, गाणी सुरू.

मित्रमैत्रिणींनो, हा ७२ आला कुठून, हे कधी बघितलंय का?

गाडीला पुढचा रस्ता माहीत नसतो. तिला ठाऊक असतात फक्त दोन गोष्टी. एक, टाकीत अंदाजे किती इंधन आहे. हे टाकीतला तरंगता फ्लोट सांगतो. आणि दुसरी, गेल्या काही किलोमीटरमध्ये लिटरला किती ॲव्हरेज पडलं. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे तुमचा ‘डिस्टन्स टू एम्प्टी’. टाकीत ४ लिटर, मागचं ॲव्हरेज १८, म्हणून ७२. थोडक्यात, ‘आतापर्यंत चालवलीस तशीच पुढे चालवलीस तर’ अशी ती अट आहे. स्क्रीनवर अट दिसत नाही, नुसता आकडा दिसतो.

आता समजा, हा ७२ तुम्हाला दिसतोय पोलादपूरला. सपाट रस्त्याने मजेत आलात, पुढे आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. अंतर जवळपास ४० किलोमीटर, म्हणजे ‘आरामात पोहोचू’. पण समुद्रसपाटीपासून फार वर नसलेल्या गावातून तुम्ही तेराशे मीटरहून उंच जाणार आहात. पाच माणसं, डिकीत बॅगा, एसी चालू, गाडी सारखी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला. ॲव्हरेज निम्म्यावर आलं, म्हणजे ९ पडलं, तर ४ लिटरमध्ये होतात ३६ किलोमीटर. उरलेले चार ढकलत!

आणि ढकलणं हा यातला गमतीचा भाग. खरा धोका वेगळाच आहे. घाटातल्या आंधळ्या वळणावर गाडी बंद पडते, बाहेर धुकं, मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला तुम्ही शेवटच्या क्षणी दिसता. तेव्हा ‘स्क्रीनवर तर दाखवत होतं’ हे कुणाला सांगणार?

उतरताना उलटी गंमत होते. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आजकालचं इंजिन इंधन जवळपास बंदच करतं. ॲव्हरेज झपाझप सुधारतं आणि आकडा चक्क वाढतो! महाबळेश्वरला ६० होता, पायथ्याशी आलो तर ८०. पेट्रोल काही वाढलेलं नसतं. पण आपण खूश होतो आणि समोरचा पंप सोडून पुढे जातो. (जाता जाता : पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकणारे शूरवीर अजून आहेत. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल लागतं, आणि गाडी धरून ठेवणारा गिअर जातो तो वेगळाच.)

शहरातही तेच. ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलात की गाडी जागेवर आणि आकडा खाली. शिवाय दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकलं तर काही गाड्या दखलच घेत नाहीत. इतका छोटा फरक म्हणजे टाकीतला हेलकावा असेल, असं त्यांना वाटतं. गाडी उतारावर उभी असेल तर फ्लोटही फसतो. म्हणून आकडा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. तो अंदाज आहे, आणि अंदाज म्हणून बरा आहे. माझी तक्रार त्याच्या थाटाबद्दल आहे. जुन्या गाडीतला काटा ‘पाव टाकी असेल बहुतेक’ एवढंच म्हणायचा, त्यामुळे माणूस सावध राहायचा. स्क्रीन मात्र ‘७२’ म्हणते, ७० नाही की ७५ नाही. कंपन्यांनी ‘५० ते ७५’ असं का दाखवू नये? काही गाड्या अगदी शेवटी आकडा काढून नुसत्या रेघा दाखवतात. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

इलेक्ट्रिकवाल्यांनी हसू नये. बॅटरीची रेंजही चढ, वेग आणि हवामानावर ठरते. थंडीत रेंज घटते हे ग्राहकांना नीट सांगितलं नाही, म्हणून दक्षिण कोरियाच्या स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाला दंड ठोठावला होता.

‘शून्य दाखवल्यावरही गाडी वीस-तीस किलोमीटर जाते रे’ असं सांगणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. थोडं इंधन राखून ठेवलेलं असतं हे खरं, पण किती, ते गाडीगणिक वेगळं. आणि बहुतेक पेट्रोल गाड्यांत पंप टाकीतच असतो, भोवतीच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. टाकी कोरडी करायची सवय लागली की त्या पंपाचं आयुष्य कमी होतं. नवा पंप टाकीभर पेट्रोलपेक्षा महाग पडतो.

मग करायचं काय? घाटाआधी पाव टाकीच्या खाली काटा असेल तर पंपावर वळायचं, स्क्रीन काहीही म्हणो. आणि एकदा स्वतः हिशेब करून बघा. पंपाचा नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा. तीन-चारशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर तशीच पुन्हा भरा. झालेल्या किलोमीटरला आता मावलेल्या लिटरने भागा. स्क्रीनवरचं ॲव्हरेज शेजारी लिहा. असं तीनदा केलं की तुमची गाडी किती फुगवून सांगते ते कळतं.

आमच्या बाबांची या कामासाठी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक चिकट वही असायची. तारीख, किलोमीटर, लिटर. आम्ही खूप हसायचो त्या वहीला. गेल्या पावसाळ्यात एका घाटाच्या अलीकडे, ‘४० किलोमीटर’ दाखवत असताना आमची गाडी आचके देऊन थांबली आणि आम्ही दोघं रिकामी बाटली घेऊन भर पावसात पंप शोधत निघालो. परत आल्यावर मी वही पुन्हा सुरू केली. आमची गाडी १०० म्हणते तेव्हा सपाट रस्त्याला ८८ जाते. घाटात किती, ते अजून मोजतोय. टाकी भरून.