परवान्याचा भाव

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना जेवायला बाहेर नेतो आणि रेस्टॉरंटच्या दारावर 'बीवायओबी' लिहिलेलं दिसतं. वाइन हवी असेल तर बाटली घरून आणा! पाहुण्यांना ही अमेरिकेची गंमत वाटते. पण ही प्रथा अमेरिकेची नाही, मुख्यतः न्यू जर्सीच्या कायद्याची देणगी आहे.

कायदा असा: गावातल्या दर ३,००० लोकांमागे बार किंवा रेस्टॉरंटसाठी दारूचा एक परवाना. आमच्या वेस्ट विंडसरची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत २९,५१८ होती. मोठ्या हॉटेलांना वगैरे असलेल्या सवलती सोडा आणि भागाकार करा. उत्तर येतं नऊ. गावात उत्तम स्वयंपाकी किती आहेत, त्यांच्याकडे गिऱ्हाईक किती येईल, याचा या आकड्याशी काहीही संबंध नाही.

आता पुढची गोष्ट बघा. या परवान्याची टाउनशिपला द्यायची वार्षिक फी फार तर २,५०० डॉलर्स. पण परवाना विकता येतो, आणि बाजारात त्याला काही लाख डॉलर्स मोजावे लागतात. काही गावांत तर भाव दहा लाखांच्या घरात जातो. भट्टी, फ्रीज, पगार यांच्या आधी एका कागदावर एवढा पैसा घालणं साखळी रेस्टॉरंटला जमतं. थालीपीठ आणि कोंबडी-वडे विकू पाहणाऱ्या एखाद्या जोडप्याला जमत नाही.

तुमच्यापैकी जे सत्तर-ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात वाढले, त्यांना हे ओळखीचं वाटेल. बजाजची स्कूटर आठवा. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, नाहीतर 'ऑन' देऊन दुसऱ्याच्या नंबरावर गाडी घ्यायची. आकुर्डीच्या कारखान्याने किती स्कूटर बनवायच्या हे दिल्लीत ठरायचं. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलर भरले तर गाडी लवकर मिळायची, त्यामुळे अमेरिकेतल्या काकांचा भाव घरात उगाच वाढायचा. आकडा सरकारने बांधला की वस्तूपेक्षा रांगेतली जागा महाग होते. तिथे स्कूटर, इथे वाइनचा ग्लास.

अर्थतज्ज्ञ अ‍ॅन क्रूगर यांनी १९७४ मध्ये याच प्रकारावर एक गाजलेला निबंध लिहिला. १९६४ सालच्या भारतात परवाने आणि नियंत्रणांमुळे निर्माण होणारा असा आयता फायदा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के असावा, असा त्यांचा अंदाज होता. त्यांचा खरा मुद्दा मात्र या आकड्यापलीकडचा आहे. लाच म्हणजे एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलेला पैसा. तेवढ्यानं देश गरीब होत नाही, असं कुणी म्हणू शकेल. क्रूगर म्हणतात, तो फायदा मिळवण्यासाठी जी धडपड होते ती वाया जाते. आयातीचे परवाने कारखान्याच्या क्षमतेनुसार मिळत असतील, तर मालक गरज नसलेली यंत्रं बसवतो. यंत्रं धूळ खातात, परवाना मिळतो. यात कुणी एक रुपयाही खाल्लेला नसला तरी नुकसान झालेलंच असतं.

'थोडं वंगण दिलं की गाडी पळते' हा युक्तिवाद आपण सगळ्यांनीच ऐकला आहे. कॉफमन आणि वेई यांनी १९९९ मध्ये तो तपासला, तेव्हा जास्त लाच देणाऱ्या कंपन्यांचा वेळ अधिकाऱ्यांपुढे कमी नव्हे, जास्तच जात होता. ज्याला कळलं की तुम्ही पैसे देता, तो तुमच्यासाठी नवे अडथळे शोधतो. तलाठी कार्यालयात सातबारा काढायला गेलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

इथे येऊन आपण सुटकेचा श्वास सोडतो, कारण रोजच्या कामाला कुणी हात पुढे करत नाही. माझं मत विचाराल तर हे समाधान अर्धवट आहे. लाच नियमातून पळवाट काढते, लॉबिंग नियमच आपल्या मापाचा शिवून घेते. लाच घेणाऱ्याला निदान पकडता तरी येतं.

आणि तरीही परवानाधारकांना खलनायक ठरवणं चूक आहे. गॉर्डन टुलक यांनी १९७५ मध्ये हा सापळा नीट दाखवला होता. आयता फायदा पहिल्या धन्याने परवाना विकताना वसूल केला. आजचा मालक कर्ज काढून तो घेतो, म्हणून त्याला जास्तीचं काहीच मिळत नाही, पण नियम हटवला तर तो बुडतो. न्यूयॉर्कच्या टॅक्सी मेडॅलियनचं हेच झालं. दहा लाख डॉलर्सच्या वर गेलेला भाव अ‍ॅपवरच्या गाड्या आल्यावर कोसळला आणि कर्ज काढलेले ड्रायव्हर, त्यांत कितीतरी दक्षिण आशियातले, देशोधडीला लागले.

म्हणूनच २०२३ मध्ये गव्हर्नर मर्फी यांनी लोकसंख्येची अट टप्प्याटप्प्याने काढायचं सुचवलं तेव्हा परवानाधारकांनी जोरदार विरोध केला. जानेवारी २०२४ मध्ये जो कायदा झाला, त्यात वर्षानुवर्षं पडून असलेले परवाने वापरात आणायची सोय आहे, ३,००० चा आकडा मात्र जागच्या जागी.

मला नियम नकोत असं नाही. अल्पवयीनांना दारू देऊ नये, रात्री गोंगाट नको, हे नियम हवेतच. माझी तक्रार फक्त संख्येच्या मर्यादेबद्दल आहे. ती दहा-पंधरा वर्षांत, तारखा आधी जाहीर करून, सैल करावी आणि आजच्या धारकांना करात काही सूट द्यावी. आपल्यातले बरेच जण आता इथले मतदार आहेत. ट्रेंटनला जाणारे उमेदवार मतं मागायला आपल्या गणेशोत्सवात येतात, आरतीनंतर फोटो काढतात. त्यांना हा आकडा विचारायला काय हरकत आहे?