घट कोणाच्या खाती?

बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढलेल्या बी.कॉम. माणसाला रसायनशास्त्र कळत नाही, हे मान्य. पण एक शास्त्र त्याच्या हाडीमाशी मुरलेलं असतं : एकाच्या नावे पडलं, की दुसऱ्या कुणाच्या तरी खाती जमा झालंच पाहिजे. संध्याकाळी कॅशमध्ये दहा रुपये कमी आले, तर 'मोजताना घट आली हो' असं म्हणून आम्हाला घरी जाता येत नाही. खिशात हात घालावा लागतो.

म्हणूनच सराफाच्या पेढीवरचा 'घट' हा शब्द मला पचत नाही.

आईच्या पाटल्या मोडायला न्या. पेढीवरचा माणूस त्या काट्यावर ठेवतो, कॅल्क्युलेटरवर बोटं नाचवतो आणि म्हणतो, "बावीस कॅरेट धरू, काका. शिवाय घट शंभराला तीन." का? "जुनं सोनं ना! वितळवलं की घट येणारच." आषाढात पाऊस येणारच, अशा सुरात!

आता वितळवताना होतं काय ते बघा. चांदी वितळते ९६२ अंशांना, सोनं १०६४ ला, तांबं १०८५ ला. म्हणजे मुशीत तिघंही मागेपुढे विरघळतात आणि वेगळी होण्याऐवजी अधिकच गळ्यात गळे घालतात. सोन्याची वाफ व्हायला अडीच हजारांहून जास्त अंश लागतात. तेवढं ऊन मे महिन्यात रविवार पेठेतसुद्धा पडत नाही.

या एकत्र कुटुंबाची वाटणी करतो तो गलाईवाला. तो दागिन्याच्या सोन्यात आणखी चांदी किंवा तांबं घालून सोन्याचा हिस्सा चौथाईवर आणतो. (पेशव्यांच्या गावात चौथाई समजावून सांगायला नको.) तो रस पाण्यात ओतून त्याचे दाणे करतो आणि ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये, टाकतो. चांदी-तांबं त्यात विरघळतं. सोनं मात्र तपकिरी भुकटी होऊन तळाशी बसून राहतं. भुकटी धुऊन टाकणखार घालून आटवली, की चोख सोनं. उरलेल्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदी खाली बसते. मग लोखंड टाकलं की तांबंही परत येतं. तिघांचा हिशेब चोख!

हे काम करणारी बरीचशी माणसं सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची. दुष्काळानं गाव सोडायला लावलं आणि ती देशभरच्या सराफ बाजारांत मुशी पेटवून बसली. तेजाबाचा तांबूस धूर त्यांच्या छातीत जातो. माझं भांडण त्यांच्याशी नाही. सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन त्यातून सोन्याचे कण काढणाऱ्या झारेकऱ्यांशीही नाही. उलट ते माझे साक्षीदार आहेत. ज्या धंद्यात केरालासुद्धा भाव आहे, तिथे सोनं 'हरवतं' कसं?

सराफांची बाजूही सांगतो. जुन्या दागिन्यात मळ असतो, पोकळ दागिन्यात लाख असते, सांध्यांच्या डागात हलका धातू असतो. ते जरूर वजा करा. पण एकदाच! ४० ग्रॅमची बावीस कॅरेटची पाटली म्हणजे ३६.६४ ग्रॅम चोख सोनं. उरलेल्या ३.३६ ग्रॅम चांदी-तांब्याचे पैसे तुम्ही देत नाही, ठीक. पण कॅरेट कापल्यावर पुन्हा घट कशाची? एकाच चेकवर दोनदा पैसे काढले, तर आमच्याकडे पोलीस येतात.

आणि हॉलमार्क? १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला. विकताना त्याच '९१६'च्या शिक्क्याकडे भिंगातून बघायला लावतात, वेदवाक्यच ते. तोच दागिना मोडायला नेला, की वेदवाक्याची सांगोवांगी होते. घटस्थापना एवढ्या श्रद्धेनं दुसरीकडे कुठे होत नसेल!

सोनं हौसेनं कोणी मोडत नाही. समोर दवाखान्याचं बिल असतं, नाहीतर पोराची फी. असल्या माणसाला ग्रॅम-दीड ग्रॅमसाठी हुज्जत घालायचं त्राण नसतं, आणि घट नेमकी तिथेच येते. श्रीमंताच्या लॉकरमधल्या सोन्याला ती कधी आल्याचं ऐकलं नाही.

माझं मागणं साधं आहे. दागिना आमच्यासमोर तोला, आमच्यासमोर आटवा, आटवलेली लगड आमच्यासमोर पुन्हा तोला. जो फरक येईल तो मळ, तो आमचा. लगडीचा कस काढा, तेवढ्याचे पैसे द्या, आणि हे सगळं पावतीवर लिहा. आणि वाचकहो, तुम्हीही मोडण्याआधी बीआयएसच्या मान्यताप्राप्त केंद्रात फी भरून कस काढून घ्या. हातात कागद असला, की 'काका'चं 'साहेब' होतं.

एवढं करूनही घट आलीच, तर एकच प्रश्न विचारा : "आमच्या नावे पडली ती कळली. जमा कुणाच्या खाती?"