खुडूक कोंबडीची बाजू

पलूसच काय, आपल्याकडच्या कुठल्याही बाजारात 'गावरान' म्हणून विकली जाणारी प्रत्येक कोंबडी गावरान नसते. पुष्कळदा ती गिरिराज किंवा वनराज असते, नाहीतर त्यांचा संकर. गिरिराज बेंगळुरूला तयार झाली, वनराज हैदराबादला. दोन्ही पक्षी चांगले आहेत. वजन लवकर धरतात, अंडी जास्त देतात. गरीब घरांना त्यांनी चार पैसे मिळवून दिले, हे नाकारायचं कारण नाही. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. पिल्लं हवी असतील तर पुन्हा हॅचरीच्या दारात जावं लागतं.

गावरान कोंबडी वर्षाला जेमतेम ६०-८० अंडी देते. पण स्वतःची पुढची पिढी ती स्वतः उबवते, घार दिसली की पिल्लं पंखाखाली घेते आणि उकिरड्यावर पोट भरते. आणि आपण काय करतो? खुडूक झाली की तिला पाण्यात बुडवतो, नाकात पीस घालतो. ज्या गुणावर तिचा वंश टिकला, तोच आपल्याला खोड वाटतो.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीत नंदुरबारकडची बुसरा आहे, झाबुआकडची कडकनाथ आहे, असील आहे. कृष्णाकाठच्या आपल्या कोंबडीला मात्र वेगळं नाव नाही. जिला नाव नाही, ती संपली तरी कुणाला कळणार नाही. उघड्या मानेच्या आणि उलट्या पिसांच्या कोंबड्यांना ऊन कमी बाधतं. उन्हाळे कडक होत असताना हे गुण गमावणं परवडणारं नाही.

दुर्मिळ कोंबडी म्हटलं की आपल्या जिल्ह्याला २०१९ आठवतं. शेजारच्या वाळवा तालुक्यातून चाललेल्या कडकनाथच्या योजनेत हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. दोष कडकनाथचा नव्हता. पक्षी जपण्याऐवजी त्याचा भाव फुगवला गेला, आणि विकत घेणारा पुढे आणखी कुणाला तरी विकणार, एवढ्याच भरवशावर सगळं उभं होतं. म्हणून माझं म्हणणं असं की हे काम आधी हौसेनं करावं, धंदा मागाहून.

हौस म्हणजे वाटेल तशी पैदास नव्हे. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या पुरेत. बापाखाली लेक ठेवू नये. दर एक-दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या हौशी माणसाशी नर बदलावा. पायात रंगीत कडी घालावी आणि कोणती किती अंडी देते, किती पिल्लं जगवते, हे वहीत लिहावं. तलंगा आणि नर पूर्ण वाढल्यावरच पैदाशीसाठी निवडावेत. मानमोडीची लस चुकवू नये. बाहेरचं रक्त न मिसळता, आपल्याच कळपातल्या चांगल्या आयांची पिल्लं पुढे ठेवत जाणं, यालाच मी सुधारणा म्हणतो.

आणि सगळं बी एकाच खुराड्यात ठेवू नये. २००६ मध्ये बर्ड फ्लू आला तो नवापूरला, म्हणजे बुसराच्याच मुलखात. तेव्हा पोल्ट्रीतल्या पक्ष्यांबरोबर घरोघरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिलवडी, ब्रह्मनाळला पाणी घुसलं, तेव्हा माणसं वाचवायची की खुराडं बघायचं? काही पक्षी नदीकाठी, काही कुंडलच्या डोंगरकडेला, असे असले तरच वंश वाचतो.

शेवटी थोडं आपल्या समाजाविषयी. गावोगावच्या मुलाण्याचा कोंबड्यांशी संबंध पिढ्यान् पिढ्यांचा आहे. जत्रा असो, कंदुरी असो, सुरी त्याच्या हातात. चिकनची दुकानंही बऱ्याच ठिकाणी आपलीच. 'असील' हा शब्दही अरबीतला. अर्थ अस्सल, खानदानी. त्या पक्ष्याच्या झुंजी लावणं कायद्यानं गुन्हा आहे आणि धर्मातही जनावरं झुंजवायला मनाई आहे. जपायला मात्र कुणाचीच मनाई नाही. कोंबडीशी आपलं नातं सुरी आणि तराजूपुरतं का राहावं? परसदार असलेल्या दहा घरांनी ठरवलं, आणि त्या घरांतल्या बायकांच्या हाती वही दिली, तर पलूस तालुक्यात हे काम याच पावसाळ्यानंतर सुरू होऊ शकतं. खुडूक झालेली पहिली कोंबडी पाण्यात न बुडवता अंड्यांवर बसवायची, एवढीच सुरुवात.